मामंजी, रंभी आणि उजवा पाय

“तिला सांग, माझी टाच खालीच हाय!” मामंजी घोडीवरनं गरजले.

‘ती’ म्हणजे मी. मी मैदानाच्या मधोमध उभी होते आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याभोवती रंभी घोडीवरनं फेऱ्या मारत होते. मधे हाकेचं तर सोडाच, कुजबुजीचंही अंतर नव्हतं. पण निरोप जायचा तो कुंपणापाशी चिंचेखाली बसलेल्या माझ्या सासूबाईंमार्फत. त्या बिचाऱ्या मांडीवरची शेंगांची पाटी खाली ठेवायच्या, गुडघ्यावर हात टेकून उठायच्या आणि मला ओरडून सांगायच्या, “ते म्हनत्यात, टाच खालीच हाय!”

“ऐकलं, आत्याबाई. त्यांना म्हणावं, अजून थोडी खाली पाहिजे.”

“अवं, ती म्हन्ती, टाच हाय का कावळ्याचं शेपूट? खाली घ्या!”

“अहो, मी असं कुठं म्हणाले?”

“तू गप. त्यास्नी असंच कळतंय,” म्हणून आत्याबाई परत शेंगा फोडायला बसायच्या.

हसू नका. आमच्या घरातली रीतच होती तशी. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही. चार वर्षं झाली होती माझ्या लग्नाला, आणि चार वर्षांत मामंजी माझ्याशी एक शब्द बोलले असतील तर शपथ. पाणी हवं असलं तर भिंतीकडं बघून म्हणायचे, “तहान लागलीया.” मी तांब्या ठेवायची आणि मागं व्हायची. राग नव्हता हो त्यात. मला ताप आला तेव्हा हेच मामंजी भर पावसात टांगा जोडून डॉक्टरला घेऊन आले होते. डॉक्टरनं विचारलं, “सुनेला काय होतंय?” तर म्हणाले, “तिच्या सासूला इचारा.”

मिरज स्टेशनवर चाळीसेक वर्षं टांगा हाकला त्यांनी. आनंदा खोताचा टांगा म्हटलं की दवाखान्यात येणारे कर्नाटकातले पेशंटसुद्धा ओळखायचे. मग रिक्षा आल्या. आधी चार, मग चाळीस, मग स्टेशनबाहेर टांग्याला उभं राहायला जागा उरेना. शेवटी एका गुढीपाडव्याला मामंजींनी टांगा धुतला, पुसला, परसात उभा केला आणि त्यावर ताडपत्री घातली. टांगा ताडपत्रीखाली राहील हो, पण घोडी? रंभीला खायला लागायचं, आणि घर चालत होतं माझ्या नवऱ्याच्या रेल्वेतल्या पगारावर आणि माझ्या चार पैशांवर. एका सकाळी वीटभट्टीचा मालक येऊन रंभीचे दात बघून गेला. तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “वझं चांगलं वढंल.” त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. भट्टीवरची जनावरं कशी दिसतात ते मिरजेत सगळ्यांना ठाऊक होतं.

माझं काम घोड्यांचंच. माझे वडील लष्करात घोडेस्वार, त्यामुळं मी चालायच्या आधी खोगिरावर बसले असं आई म्हणायची. सांगली रस्त्याला मेजर पाटणकरांनी पोरांसाठी घोडेस्वारीचा क्लब काढला होता, तिथं मी शिकवायची. लग्नानंतर ही नोकरी सुटणार असंच सगळ्यांनी धरलं होतं, पण मामंजी भिंतीकडं बघून म्हणाले होते, “घोड्याच्या कामाला ह्या घरातनं न्हाई म्हननार न्हाई कुनी.” तेवढ्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली होती.

तर मी गेले मेजरसाहेबांकडं. म्हटलं, टांग्याची घोडी आहे, मोटारीला भीत नाही, कुत्र्याला भीत नाही, पोरांच्या रांगेपुढं चालायला अशी घोडी मिळायची नाही.

मेजर म्हणाले, “घोडी मी पाहिलेली आहे. जनावर उत्तम आहे. पण शालन, तू जमिनीवरून शिकवणार. वर कोण बसणार?”

हा प्रश्न मी घरी आत्याबाईंपुढं टाकला, तो त्यांनी मामंजींपुढं टाकला. मामंजी म्हणाले, “रंभी जाईल तिथं मी जानार. तिच्या अंगावर दुसऱ्या कुनाची मांड नगं.”

आता गंमत अशी, की हा माणूस जन्मात घोड्यावर बसला नव्हता! टांगेवाला घोड्याच्या मागं बसतो, वर नाही. रंभीची शेपटी त्यांना तोंडपाठ होती, पण तिचे कान वरनं कसे दिसतात ते साठीनंतर पहिल्यांदा बघितलं त्यांनी. बघितले आणि लहान पोरासारखे हसले. आत्याबाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, “आमच्या लग्नात बी असलं हसलं न्हाईत.”

मेजरसाहेबांनी अट मात्र घातली होती, आणि ती रास्त होती. रांगेपुढच्या घोड्याला कॅंटरमध्ये इंग्रजी आठाचा आकडा काढता आला पाहिजे, आणि मध्यावर पाय बदलता आला पाहिजे. पुढचा चुकला की मागची पोरं एकमेकांवर आदळणार. दसऱ्याच्या आदल्या रविवारी ते स्वतः बघणार होते. जमलं तर रंभीला तबेल्यात जागा आणि मामंजींना काम. नाही जमलं तर भट्टीवाला दसऱ्यालाच येणार होता.

कॅंटर म्हणजे दुडकीच्या पुढची आणि भरधाव पळण्याच्या अलीकडची चाल, पाळण्यासारखी झुलती. त्या चालीत घोड्याचा एक पुढचा पाय दुसऱ्याच्या पुढं पडत राहतो. डावीकडं वळताना डावा पुढं पडला पाहिजे, उजवीकडं वळताना उजवा. उलटं झालं, तर पायात उलट्या चपला घालून पळणाऱ्या माणसासारखी घोड्याची गत होते. आठाच्या आकड्यात एक गोल डावा, एक उजवा. म्हणजे दोन्ही गोल जिथं मिळतात तिथं घोड्यानं न थांबता, हवेतल्या हवेत, पाय बदलायचा.

आणि रंभी डावरी! डाव्या पायावर अशी सुरेख झुलायची, की बघत राहावं. पण मध्यावर येऊन उजव्या गोलात शिरली की पाय डावाच. मग अडखळायची, मान ताठ करायची आणि शेवटी खाड्‌कन दुडकीवर यायची.

“तिला सांग, रंभीला उजवा पायच न्हाई!” मामंजी वैतागून म्हणायचे.

मी सांगायची, आत्याबाई पोचवायच्या. लगाम ओढू नका. खाली बघू नका, जायचंय तिकडं बघा. डावा पाय थोडा मागं न्या आणि तिच्या पोटाला हलका लावा, म्हणजे ती उजवा पाय पुढं टाकेल. आत्याबाईंच्या तोंडून हे जाईपर्यंत त्याचं वाट्टेल ते व्हायचं. एकदा मी म्हटलं, “खांदे सैल सोडा,” तर त्या म्हणाल्या, “अवं, मुसळ गिळल्यागत काय बसलाय?” त्यावर मामंजी दोन फेऱ्या गाल फुगवून बसले. चूक मात्र होती तिथंच.

असे कितीतरी दिवस गेले. मी डोळ्यांत तेल घालून बघायची, काय चुकतंय ते कळायचं नाही. डावा पाय ते मागं नेत होते, अगदी सांगितल्याबरहुकूम. मग एक दिवस मी डावा पाय सोडून उजव्याकडं बघितलं, आणि मला फुटलंच हसू. मध्य आला की मामंजींचा उजवा पाय रिकिबीत खाली दाबला जात होता. ठक्‌, ठक्‌, ठक्‌.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “मामंजी घंटा वाजवतायत हो!”

टांग्याला पायाशी घंटा असते बघा. वळण आलं, चौक आला, की टांगेवाला पायानं ती दाबतो. चाळीस वर्षं वळण आलं की त्यांचा उजवा पाय दाबला गेला होता, तो आता खोगिरावर बसून तरी कसा गप बसेल? आणि तो दाबला की अंगाचं सगळं वजन घोडीच्या उजव्या खांद्यावर. जो पाय तिनं उचलावा म्हणून आम्ही जिवाचं रान करत होतो, त्याच पायावर मामंजी बसत होते!

आत्याबाई हा निरोप पोचवताना इतक्या हसल्या, की पाटीतल्या शेंगा सांडल्या. मामंजी आधी बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या पायाकडं बघितलं, आणि रंभीच्या मानेवर हात फिरवून म्हणाले, “आयला, तुला उगीच बोल लावला की गं.”

त्या दिवसापासून मी रिकिबी काढून ठेवल्या. दाबायला काही नसलं की पाय दाबणार कुठं? आत्याबाईंनी आकाशपाताळ एक केलं, म्हाताऱ्या माणसाची हाडं मोडायला निघालीस म्हणाल्या, पण मामंजी म्हणाले, “तिला सांग, काढ.” मांड मात्र बसली हो त्यांची. अंग काटक, भीती ठाऊक नाही, आणि घोडी जीव की प्राण.

घंटा थांबली. पण पाय काही बदलेना! आता अडत होतं ते वेळेला. कॅंटरमध्ये टापांचे तीन ठोके पडतात, आणि मग एक क्षण असा येतो की चारही पाय हवेत. पाय बदलायचा तर त्याच क्षणी. एवढंसं अलीकडं पलीकडं झालं की पुढचे पाय बदलतात, मागचे नाही, आणि घोडी मधनं दोन तुकडे झाल्यासारखी पळते. बसणाऱ्याला तो क्षण अंगात कळायला वर्षं जातात. मला जमिनीवरनं स्वच्छ दिसायचा. मी म्हणायची, “आता!” आत्याबाई म्हणायच्या, “अवं, आता म्हन्ती ती!” तोवर रंभी तो क्षण मागं टाकून पार उजव्या गोलाच्या टोकाला पोचलेली असायची.

“आत्याबाई, जरा लवकर!”

“अगं, तू बोलल्याबिगर मी कशी बोलू? मी काय देवऋषी हाय?”

खरं होतं त्यांचं. निरोपानं सगळं जातं, पण क्षण जात नाही.

शेवटचा आठवडा उरला. भट्टीवाला परत एकदा येऊन कुंपणापाशी उभा राहून बघून गेला. दसऱ्याला येतोच म्हणाला. मामंजी ऐकून न ऐकल्यासारखं करून फेऱ्या मारत राहिले. डावा गोल झाला, रंभी मध्यावर आली. इतकी सुंदर येत होती, पाठ मऊ, कान पुढं, मामंजींचा पाय बरोबर जागेवर. मला तो क्षण येताना दिसला. मी आत्याबाईंकडं वळलेच नाही.

“आता!” मी ओरडले. “मामंजी, आत्ता!”

मैदान दणाणलं. पलीकडं घोड्यांना खरारा करणारी माणसं थांबून बघायला लागली. आणि रंभीनं पाय बदलला. पुढचे, मागचे, सगळे, एका झोक्यात. उजव्या गोलात शिरली ती उजव्या पायावर, जशी काही आयुष्यभर तेच करत आली होती.

पण मामंजींनी लगाम खेचला. उतरले. माझ्याकडं बघितलं नाही, आत्याबाईंकडं बघितलं नाही, रंभीचा लगाम धरून तिला मैदानाबाहेर घेऊन गेले. डोक्यावरचा पदर कधी घसरला होता तेही कळलं नव्हतं. चार माणसांदेखत सासऱ्याच्या अंगावर ओरडले होते मी, बैलाला ओरडावं तशी.

“आत्याबाई, चुकलं हो माझं.”

आत्याबाईंनी माझा पदर नीट केला. म्हणाल्या, “चुकलं का न्हाई ते ठाव न्हाई. पर लई मोट्यांदा चुकलं बग.”

घरी आलो. मामंजींनी पाणी मागितलं नाही, स्वतः उठून घेतलं. ते घेतलेलं पाणी मला शिवीपेक्षा जास्त लागलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मी मधे पडत न्हाई. तुमचं तुमी आणि घोडीचं घोडी.” असला तो शूर!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लबवर गेले ती नोकरी सोडायच्याच तयारीनं. बघते तर मामंजी माझ्या आधी हजर. रंभीवर बसलेले, रिकिबी स्वतःच काढून कुंपणावर टाकलेल्या, आणि तोंड चिंचेकडं. आत्याबाई मागनं धापा टाकत आल्या, तेव्हा ते त्यांना म्हणाले, “तिला सांग, कालच्यागत वरडायचं.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण रडायला वेळ कुणाला होता! सगळा आठवडा मी मैदानात घसा फोडून घेतला. “आता!” रंभी बदलायची. “आता!” परत बदलायची. कधी चुकायची, पण बहुतेकदा जमायचं. मी थेट ओरडायची, मामंजींचं उत्तर मात्र आत्याबाईंमार्फतच यायचं. तिला सांग, ह्या वेळंला उशीर केलास. तिला सांग, बरं झालं. एकतर्फी का होईना, बोलणं सुरू झालं होतं, आणि मला तेवढ्यानंही आभाळ ठेंगणं झालं होतं.

रविवार उजाडला. मेजरसाहेब खुर्ची टाकून बसले. मामंजींनी इस्त्रीचं धोतर सोडून नवी तुमान घातली होती, रंभीच्या आयाळीला आत्याबाईंनी तेल लावलं होतं. मी मैदानात शिरणार, तेवढ्यात मेजर म्हणाले, “शालन, इकडे बाहेर. परीक्षेत बाहेरून एक शब्दही यायचा नाही. आलेला चालणार नाही मला.”

मला हे आधी सुचायला नको होतं का? घोडेस्वाराची लेक मी! पण आठवडाभर नुसतं ‘आता’च्या मागं होते. मामंजींना सांगायलाही वेळ मिळाला नाही, ते निघालेच होते. मेजरांनी आठाचे दोन आकडे काढायला सांगितले होते.

पहिला डावा गोल झकास. रंभी मध्याकडं आली. क्षण आला, मला दिसला, जीभ टाळूला लागली, आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. क्षण गेला. मामंजी वाट बघत राहिले आणि रंभी डाव्या पायावरच उजव्या गोलात शिरली, अडखळली, कशीबशी सावरली.

आत्याबाईंनी मला असा चिमटा काढला, की वळ उठला. “अगं वरड की!”

“नाही ओरडता येत, आत्याबाई. ओरडले तर रंभी गेलीच.”

उजवा गोल संपवून मामंजी आमच्या समोरनं गेले. आणि जाता जाता त्यांनी बघितलं. आत्याबाईंकडं नाही, चिंचेकडं नाही, सरळ माझ्याकडं. तोंडात पदर कोंबून, डोळे भरून उभी असलेली मी त्यांना दिसले असणार. एवढंच. घोडी पुढं गेली.

परत डावा गोल. तो लवकर संपू नये असं मला वाटत होतं, पण रंभी कुणाचं ऐकते? ती मध्यावर आली. मामंजींची नजर उजव्या गोलाच्या पार टोकाला लागली होती. त्यांनी श्वास सोडला. मला ऐकू आला नाही, पण पाठ खोगिरात अलगद बसलेली दिसली. डावा पाय मागं सरकला, उजवा मोकळा लोंबत होता. माझ्या मनातला ‘आता’ आणि त्यांचा पाय एकाच वेळी पडले, आणि रंभीनं पाय बदलला. काय सांगू, फुलासारखा! उजवा गोल तिनं उजव्या पायावर असा घेतला, की मेजरसाहेब खुर्चीतनं उठले. परत मध्य आला, परत बदलला. आत्याबाईंनी तिथल्या तिथं दोन्ही हातांनी घोडीची दृष्ट काढली.

मेजर पुढं झाले, रंभीची मान थोपटली. “पहिला चुकला, खोत. पण चुकल्यावर ज्याला सुधारता येतं त्याच्यामागे मी पोरं पाठवीन. सोमवारपासून घोडी इथेच राहू दे. तुम्ही सकाळी सहाला या.”

मामंजींनी हात जोडले. मग ते उतरले, आणि तरातरा आमच्याकडं यायला लागले. चेहरा लालबुंद. मला वाटलं, आत्याबाईंना काहीतरी सांगणार, म्हणून मी सवयीनं बाजूला झाले. तर ते आत्याबाईंना ओलांडून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घामानं निथळत होते.

“मघाशी वरडली का न्हाईस?” ते म्हणाले. “मी वाट बघत हुतो की!”

मी आत्याबाईंकडं बघितलं. मग त्यांच्याकडं बघितलं. आठवडाभर मैदान दणाणून सोडणारी मी, आधी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“परीक्षा होती, मामंजी,” मी कशीबशी म्हणाले. “बाहेरनं बोलायचं नसतं.”

आत्याबाई लगबगीनं मधे आल्या. “अवं, ती म्हन्ती, परीक्षा हुती, भाईरनं...”

“तू थांब,” मामंजी म्हणाले. नजर माझ्यावरनं हलली नव्हती. “मला ऐकू आलं.”